चि. मृण्मयीस: ट्रायलला मशीन मिळवण्याबद्दल

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

ईव्हीच्या पार्टची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार आनंद झाला. अडचण मशीनवर कमी आणि प्लॅनिंगच्या तक्त्यावर जास्त येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या कंपनीचं पोट आज इंजिनाच्या क्रँककेसवर (बाहेरच्या कवचावर) चालतं. फिक्स्चर (पीस पकडायची चौकट) बसलेलं, प्रोग्रॅम मुरलेला, पोरांचा हात बसलेला. तासाला किती पीस निघणार, त्याचे किती पैसे येणार, सगळं आधीच ठाऊक. मोटर हाउसिंगच्या, म्हणजे तुझ्या ईव्ही मोटरच्या कवचाच्या, ट्रायलला तेच मशीन दिलं तर दिवसभरात हाती दोन रिजेक्ट पीस येतील. मग कोणताही जबाबदार प्रॉडक्शन मॅनेजर मशीन क्रँककेसलाच देणार. त्या दिवसापुरता त्याचा निर्णय बरोबरच असतो. असेच बरोबर निर्णय घेत वर्ष निघून जातं आणि ट्रायल तशीच राहते.

म्हणून ‘जमेल तेव्हा द्या’ असं म्हणू नकोस. आठवड्यातल्या दोन ठरावीक शिफ्ट मागून घे. त्या काढून घ्यायच्या तर प्लँट हेडची सही लागेल, हेही आधीच ठरव. ट्रायल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरक. शेवटच्या आठवड्यात सगळी मशीनं डिस्पॅचच्या मागे असतात. सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा माणूस, एकच ठेव, आणि त्याचा इन्सेंटिव्ह पीसच्या आकड्यावर असेल तर ट्रायलच्या दिवसांचे पैसे त्याला सरासरीने मिळतील असं बघ. नाहीतर तो मनापासून काम करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

वेळ, माणूस आणि हिशेब वेगळा ठेवायचा. टूल रूम, क्वालिटी, खरेदी मात्र तीच जुनी. नव्या कामासाठी सगळंच वेगळं उभारलं की जुन्या लोकांना जे येतं ते तिथवर पोचतच नाही. हाउसिंगचंच घे. भिंत पातळ असते. घट्ट क्लॅम्प करून (आवळून) बोअर (आतलं गोल भोक) केला की मशीनवर गेज बरोबर दाखवतो. क्लॅम्प सोडला की भिंत मागे येते आणि बोअर अंडाकृती होतो. ६२ मिमीच्या बेअरिंगच्या बसणीला एच७, म्हणजे मापातल्या फरकाची मुभा अवघी ३० मायक्रॉन, त्यात पीस गेलाच समज. रफिंग झालं की क्लॅम्प सैल करायचा, हलक्या दाबावर पुन्हा पकडायचं, मग फिनिश कट घ्यायचा. माप पीस सोडल्यावर आणि थंड झाल्यावरच. दुसरं, कास्टिंगची वरची कातडी निघाली की आतली पोरोसिटी (बारीक पोकळ्या) उघडी पडते आणि लीक टेस्टला पीस गळतो. मशीनिंगचा सगळा खर्च झाल्यावर हे कळतं, म्हणून पहिल्या लॉटचे काही पीस आधीच कापून बघ. क्रँककेसवर वर्षं घालवलेल्या माणसाला हे दोन्ही तोंडपाठ असतं. तो माणूस तुझ्या ट्रायलला हवा.

ट्रायलचं यश तासाच्या उत्पन्नावर मोजू देऊ नकोस. प्रत्येक ट्रायलआधी एकच प्रश्न कागदावर लिही, उदाहरणार्थ ‘क्लॅम्पचा दाब कमी केला तर गोलाई टिकते का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी ट्रायल कामी आली. थांबायचं कधी, तेही आधीच लिही: किती पैसे गेल्यावर, किंवा गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किती वेळा बदलल्यावर. पैसे गेल्यानंतर हे ठरवायला कोणाचाच हात धजत नाही.

उलटा खड्डाही तितकाच खोल आहे. आलेल्या प्रत्येक एन्क्वायरीवर सॅम्पल करत सुटणारी वर्कशॉप भोसरीत कमी नाहीत. हाउसिंग, ब्रॅकेट, हीट सिंक, सगळ्याचे चार-चार पीस, पण पीपॅप (गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची प्रक्रिया) एकाचाही पूर्ण नाही. खर्च निघतो तो शंभराव्या, हजाराव्या पिसाला हात बसल्यावर. तिथवर ही मंडळी पोचतच नाहीत. तू एका वेळी दोनच पार्ट घे.

जुनं जोरात चालू असतानाच नवं शिकण्याचं, आकुर्डीच्या बजाजचं उदाहरण तर तुझ्या दाराशी आहे. स्कूटरसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं नंबर लावून होती, त्याच १९८० च्या दशकात बजाजने कावासाकीशी करार करून मोटारसायकल शिकायला घेतली. २००१ ची पल्सर एका वर्षात उगवली नाही, तिच्यामागे ते शिक्षण होतं. मग २००९ मध्ये स्कूटर सोडायचं ठरलं. मोटारसायकलवर लक्ष एकवटलं ते चांगलंच झालं, पण गिअरलेस स्कूटरचा वाढता बाजार होंडाची ॲक्टिव्हा घेऊन गेली. २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. माझ्या मते स्कूटरचं एक लहानसं पथक तेव्हा राखायला हवं होतं. पगाराचा तेवढा बोजा कंपनीला जड नव्हता.

पार्ट प्रॉडक्शनकडे सोपवायची घाई करू नकोस. वेगवेगळ्या सेटरनी सलग तीन लॉट काढले, सीपीके (मापं मर्यादेत किती सातत्याने राहतात त्याचा आकडा) १.३३ च्या वर टिकला, की दे. सोबत तुझा सेटर महिनाभर तिकडे पाठव, कारण क्लॅम्प किती आवळायचा हे सेटिंग शीटवर पूर्ण उतरत नाही. आणि मोकळ्या झालेल्या त्या दोन शिफ्ट प्रॉडक्शनने मागायच्या आत पुढच्या पार्टच्या नावावर टाक.

तुझे बाबा