पहिला पाय दिला, पुढच्या पायांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या भूकंपानंतर काही महिन्यांत कृत्रिम पायांचे वाटप होते. त्यासाठी निधी देणाऱ्यांना कळकळीची विनंती, की हिशेब पाय गमावलेले मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतचा धरावा. हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दोन ते चार हजार जणांचे हातपाय कापावे लागल्याचा अंदाज होता. त्यांतली तेव्हाची सहा वर्षांची मुले आज विशीत आहेत. त्यांना तेव्हाचा पाय कधीच पुरेनासा झाला असणार.

वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय साधारण दरवर्षी बदलावा लागतो, पाच वर्षांच्या आत त्याहूनही लवकर. वाढ मंदावली की हे अंतर दीड-दोन वर्षांवर जाते. सहाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलाला अठराव्यापर्यंत आठ-दहा पाय लागतील, असे धरूनच चालावे. प्रत्येक वेळी सगळेच नवे लागते असे नाही. लांब नळी घालून उंची वाढवता येते, पाऊलही काही काळ चालते. आधी कमी पडते ते सॉकेट, म्हणजे स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) ज्यात बसतो तो साचा. सुरुवातीच्या महिन्यांत सूज उतरल्याने ते सैल होते, तेव्हा स्टंपवरच्या मोज्यांचे थर वाढवून भागते. पुढे उलटे होते: स्टंप पूर्ण आत बसत नाही, टोकाशी पोकळी राहते, तिथली कातडी सुजून जाड आणि काळपट होते. कृत्रिम पाय उतरवल्यावर कातडीवर दिसणारी लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही, तर तो पुन्हा न घालता दुरुस्तीला न्यावा.

खरी अडचण हाडाची, आणि तिची तरतूद क्वचितच दिसते. हाड मधोमध कापलेले असेल तर मुलांमध्ये त्याच्या टोकाला नवे हाड वाढते, ते अणकुचीदार होऊन आतून टोचते, कधी कातडी भेदून बाहेर येते. दंडाच्या आणि गुडघ्याखालच्या हाडांत हे जास्त दिसते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, काहींना वाढ थांबेपर्यंत दोन-तीनदा. सांध्यातून अवयव काढला तर हा त्रास होत नाही आणि वरच्या हाडाची वाढीची चकतीही (टोकाजवळचा, हाड जिथून लांब होते तो थर) वाचते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते. ती गेली तर लहानपणी पुरेसा लांब असलेला स्टंप मोठेपणी अगदीच आखूड ठरतो. ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलाचा जीव वाचवताना सर्जनला निवड करायला वाव नसतो, हे मान्य. पण जखम नंतर बंद करताना सांधा आणि चकती राखता येते का, हे बालअस्थितज्ज्ञाला विचारायलाच हवे.

मदत छावणीत मायेपोटी स्टंपखाली उशी दिली जाते. ती देऊ नये. गुडघा किंवा खुबा वाकलेल्या स्थितीत आखडला, तर उत्तम पायही सरळ बसवता येत नाही. मुलाला दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटे पोटावर झोपवावे.

देणगीतून येणारे गुडघे आणि पावले अनेक कंपन्यांची असतात. पथक परतले की सुटा स्क्रूही मिळत नाही आणि अख्खा पाय कोपऱ्यात पडतो. त्यापेक्षा सुटे भाग जवळपास मिळतील अशी एकच पद्धत निवडावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने विकसित केलेली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पद्धत याच विचाराची आहे. प्रशिक्षित प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बनवून बसवणारे) तयार व्हायला काही वर्षे लागतात, म्हणून त्याच प्रदेशातल्या तरुणांचे शिक्षण पहिल्याच वर्षी सुरू व्हावे.

प्रत्येक कुटुंबाकडे एक कार्ड असावे: कापल्याची पातळी आणि तारीख, उंची, पावलाचे माप, भागांची नावे, पुढच्या तपासणीची तारीख. तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी व्हावी. बुटाच्या टाचेची उंचीही त्यात लिहावी. पाय त्या उंचीला जुळवलेला असतो, आणि शाळेचे नवे बूट वेगळ्या टाचेचे निघाले तर मूल चालताना पुढे किंवा मागे झुकते.

आपले,
कृत्रिम अवयव व पुनर्वसन क्षेत्रातील कार्यकर्ते