मंत्रिमहोदय, एकदा आमच्याबरोबर जिना चढा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

कोरोनानंतर दम लागणाऱ्यांसाठी इथल्या, सोलापुरातल्या, एका सरकारी दवाखान्यात वेगळी ओपीडी कायम राहील, असा शब्द मिळाला होता. परवा गेलो तर त्या खोलीत मोडक्या खाटा रचलेल्या. शिपाई म्हणाला, "मामा, कोरोना कवाच संपला की." संपला असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये आणीबाणी उठवली, हे आम्हीही वाचलंय. माझ्या छातीपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं नाही.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आहे. आता सुताची कांडी बदलायला वाकलो तरी धाप लागते. ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, एक्स-रे साफ, मग डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." अहो, बसवून बोटाला लावलं तर ९७ येणारच! सहा मिनिटं चालवून बघा. फुफ्फुसाचा दम मोजणाऱ्या फुंकायच्या मशीनवर फुंकायला लावा. मशीन आहे म्हणतात, चालवणारा नाही. आधीच आयुष्यभर नाकातोंडात कापसाची रुई गेलेली. हा त्रास रुईचा की कोरोनाचा, हे तपासल्याशिवाय सांगणार कोण?

आणि टेन्शन आहेच की. रात्री श्वास अडकेल या भीतीनं दचकून उठतो, हातपाय गार पडतात. बायको पाठीवर हात फिरवत बसते; सकाळी तिला विड्या वळायच्या असतात. मालकाला वाटतं, हा अंग चोरतो. १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला. बाई नीट बोलल्या, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाल्या. दाखवायला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा आमचा हक्क आहे म्हणे. छान आहे कायदा, फ्रेम करून लावतो.

शंभरातल्या दहा-वीस जणांना असा त्रास मागे राहतो, असं तीच जागतिक संघटना सांगत होती. मग सोलापुरात किती हजार? तुमच्या खात्यानं मोजलं असेल तर छापा.

विमान उतरावं म्हणून २०२३ मध्ये इथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायला पोलिसांचा फौजफाटा मिळाला. फुंकायच्या मशीनला एक माणूस मिळत नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गप्प, पीएफ मागितला तेव्हा गप्प, नळाला चार-चार दिवस पाणी नाही तेव्हाही गप्प. मतं मागताना मात्र दम लागत नाही कुणाला.

ती खोली उघडा, मशीनवर माणूस बसवा, आणि मनाचे डॉक्टर संध्याकाळी, पाळी सुटल्यावर भेटतील असं करा. "आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे" हे छापील उत्तर पाठवू नका. ते आहे माझ्याकडे.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर