हशामागची शांतता

महोदय,

कोठडीतील मृत्यूवर बेतलेल्या नाटकात प्रेक्षक हसतात म्हणून त्यांना असंवेदनशील ठरवणे मला अन्यायकारक वाटते. मिलानच्या पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून १९६९ साली मरण पावलेल्या रेल्वे कामगाराच्या प्रकरणावर इटालियन नाटककार दारिओ फो यांनी पुढच्याच वर्षी प्रहसन रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रयोगानंतर प्रेक्षकांशी होणारी चर्चाही त्यांनी नाटकाचाच भाग मानली होती. अधिकाऱ्यांचे खोटे जबाब एकमेकांना छेद देऊ लागले की हसू येतेच. पण ते मध्येच विरते, शेजारचाही गप्प झालेला जाणवतो, आणि ती अवघडलेली शांतता मला टाळ्यांहून मोलाची वाटते. समीक्षकांनी (आणि निर्मात्यांनीही) केवळ हशे मोजू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यप्रेमी वाचक