कळांच्या वेळी बाईला एकटं ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२१मध्ये मला नववा महिना होता. पहिलं बाळंतपण गडहिंग्लजला, माहेरी करायचं ठरलेलं. पण आईलाच कोरोना झाला आणि मी कसबा बावड्यात सासरीच राहिले. डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर झालं. ओटी सासूबाईंनी एकट्यानंच भरली. गर्भवतींना लस द्यायला केंद्रानं २ जुलैला मान्यता दिली, तोवर माझे दिवस भरत आले होते. त्यात पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. दवाखाना गाठता येईल का, या धास्तीनं आम्ही रात्री जागून काढल्या.

कळा सुरू झाल्यावर आधी चाचणी झाली. अहवाल येईपर्यंत तीन तास मी बाकावर एकटी होते. नवरा फाटकाबाहेर पावसात उभा. नर्सताई दमून गेल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण बाधित बाईलासुद्धा प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीची सोबत मिळावी, मास्क लावून बाळाला अंगावर पाजू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. ते आमच्यापर्यंत पोहोचलंच नाही. पोहोचल्या त्या आशाताई, गुडघाभर पाण्यातून, लोहाच्या गोळ्या घेऊन.

पुढच्या साथीसाठी जिल्ह्याचा आराखडा करताना गर्भवतींसाठी वेगळी वाट, एका सोबतिणीला प्रवेश आणि पुराच्या काळात गाडीची सोय आजच लिहून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर