बचावाच्या मुलांना वाढायला वेळ द्या

माननीय संपादक महोदय,

आपल्या दैनिकात शालेय कबड्डीच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धांचे वृत्त नियमाने येते. त्यात चढाईपटूंची नावे व त्यांचे गुण असतात, क्वचित छायाचित्रही असते. कोपरा सांभाळणाऱ्या मुलाची बोळवण मात्र ‘इतरांनी चांगली साथ दिली’ या ठरलेल्या वाक्यावर होते. या अनुषंगाने मी एका अशा खेळाडूकडे लक्ष वेधू इच्छितो, ज्याचा खेळ मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या आपल्या खानदेशात कोणी खेळणार नाही. कॅनडाचा आइस हॉकीपटू केल मकार हा आज जगातील अव्वल बचावपटूंपैकी एक गणला जातो, पण माझा रोख त्याच्या आजच्या कीर्तीवर नसून सुरुवातीच्या वर्षांवर आहे.

मकारचा जन्म ३० ऑक्टोबर १९९८ रोजी कॅल्गरी शहरात झाला. २०१३ साली, तो १४ वर्षांचा असताना, पश्चिम कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधील संघांनी त्याच्या वयाची मुले निवडली, तेव्हा त्याचे नाव थेट आठव्या फेरीत पुकारले गेले. म्हणजे दीडशेहून अधिक मुले त्याच्या आधी निवडली गेली होती. त्या लीगकडे न वळता तो अल्बर्टा प्रांतातील तुलनेने दुय्यम समजल्या जाणाऱ्या लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्स या संघाकडून खेळला, कारण त्याला पुढे अमेरिकेत विद्यापीठाकडून खेळण्याचा मार्ग मोकळा ठेवायचा होता. चार वर्षांनी, २०१७ च्या जूनमध्ये, उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोलोरॅडो ॲव्हलांच संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले.

आपल्याकडे एवढे झाले असते तर गावात मिरवणूक निघाली असती आणि दुसऱ्याच दिवशी मुलगा मोठ्या संघात उतरवला गेला असता. मकार मात्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संघात दाखल झाला. त्या संघाने आदल्या हंगामात अवघे पाच सामने जिंकले होते. पहिल्या वर्षी त्याने ३४ सामन्यांत गोल व साहाय्ये (सहकाऱ्याच्या गोलला कारण ठरलेले पास) मिळून २१ गुण मिळवले. हे आकडे चांगले होते, पण डोळे दिपवणारे नव्हते. तरीही तो दुसऱ्या वर्षी विद्यापीठातच राहिला आणि त्या हंगामात ४१ सामन्यांत १६ गोल व ३३ साहाय्ये अशी कामगिरी करून होबी बेकर पुरस्काराचा, म्हणजे अमेरिकी विद्यापीठीय हॉकीतील सर्वोच्च सन्मानाचा, मानकरी ठरला. १३ एप्रिल २०१९ रोजी त्याचे विद्यापीठ राष्ट्रीय अंतिम सामन्यात हरले, आणि १५ एप्रिलला तो कोलोरॅडोकडून डेन्व्हरच्या बर्फावर थेट प्लेऑफचा, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचा, सामना खेळत होता, तोही आपल्याच जन्मगावच्या कॅल्गरी संघाविरुद्ध. त्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. पुढच्या हंगामात त्याला सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला. २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला, त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक, असे दोन्ही त्याच्याकडे आले.

बचावपटू उशिरा पिकतो, याचे कारण त्याच्या कामातच आहे. आक्रमकाची चूक झाली तर चेंडूऐवजी वापरली जाणारी ती रबरी चकती प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ हातची जाते, आणि ती भरून काढायला मागे सहकारी असतात. बचावपटू चुकला की मागे फक्त गोलरक्षक उरतो. समोरून धावून येणाऱ्या आक्रमकाकडे तोंड करून, उलट्या दिशेने, त्याच्याच वेगाने घसरत जायचे, अंतर जेमतेम एका काठीएवढे ठेवायचे आणि नजर चकतीवर न ठेवता त्याच्या छातीवर ठेवायची, हे अंगवळणी पडायला वर्षे लागतात. कबड्डीतही मी मुलांना हेच सांगत आलो आहे की चढाईपटूच्या हाताकडे पाहू नका, कमरेकडे पाहा. हात फसवतो, कंबर फसवत नाही. त्यातून पकड फसली तर त्याला शिवलेले सारे बचावपटू बाद होतात, त्यामुळे घाई करणारा कोपरा संघाला एका क्षणात रिकामा करतो. ही समज चौदाव्या वर्षी फार थोड्यांना असते.

कॅनडाशी तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. सोयीसुविधांची तुलना मी करतच नाही. तिथली बंदिस्त मैदाने आणि आपले शाळेमागचे मुरूम टाकलेले मैदान यांचा मेळ बसणार नाही. पण १४ व्या वर्षी मागे पडलेल्या मुलाकडे १८ व्या वर्षी पुन्हा पाहण्याला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे चौदा वर्षांखालील गटाच्या निवडीत अंगाने थोराड मूल पुढे येते आणि काटकुळा कोपरा तालुक्यालाच बाहेर पडतो; तो सतराखालील निवडीला फिरकतही नाही, कारण एकदा नाकारलेल्याला कोणी बोलावत नाही. जो निवडला जातो, तो दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण पदरात पडले की खेळ सोडतो. पालकही ‘सर, मन्हा पोऱ्याले चढाई करू द्या’ असाच आग्रह धरतात, आणि वर्तमानपत्रात नाव चढाईपटूचेच येते हे पाहता त्यांना तरी दोष कसा द्यावा!

म्हणून आपल्याला विनंती आहे की स्पर्धांच्या वृत्तात चढाईच्या गुणांबरोबर प्रत्येक बचावपटूच्या यशस्वी पकडींची संख्या नावानिशी छापावी. गुणलेखकाच्या तक्त्यावर ती नोंद असतेच, बातमीदाराने ती उतरवून घेण्याचाच प्रश्न आहे. जिल्ह्यातील निवडकर्त्यांनाही आपल्या स्तंभातून सुचवावेसे वाटते की सतरा व एकोणीस वर्षांखालील निवड चाचण्यांना आधीच्या गटात वगळलेल्या कोपरा आणि मध्यरक्षकांना शाळांमार्फत आवर्जून बोलावणे पाठवावे.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
अमळनेर, जि. जळगाव