पहिला डोस तुझ्याकडेच

प्रिय विन्या,

तीन महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, गुडघा तसाच. काल तू फोनवर विचारलंस: केमोनंतर दहाव्या दिवशी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटला ताप आला, तर आधी गाडीत घालून तुझ्याकडे पाठवू की आधी सुई लावू? तेव्हा घाईत उत्तर दिलं, म्हणून हे सविस्तर.

आधी अँटिबायोटिक, मग गाडी. एकदाच १०१ भरला किंवा १००.४ तासभर टिकला, की तासाभरात पहिला डोस शिरेतून गेलाच पाहिजे. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) थांबू नकोस. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की पू धरत नाही, एक्सरे स्वच्छ दिसतो आणि बोलता बोलता बीपी पडतं. घरी पॅरासिटामॉल दिली का, तेही विचार; ताप झाकला जातो. एनिमा, सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) अजिबात नको.

डोसाआधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी), पण त्यापायी डोस लांबवू नकोस. एक सेट लाइनमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून), एक हातातून, बाटलीत ८ ते १० मिली. दोन मिलीत जंतू सापडला नाही म्हणून तो नव्हता असं नाही रे! बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू देऊ नकोस.

आता आपलं जुनं भांडण. सरसकट मेरोपेनेम (राखून वापरायचं जबर अँटिबायोटिक) द्यायला माझा अजून विरोधच आहे. बीपी ठीक, जुना रेझिस्टंट जंतू नाही, तर पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी. बीपी पडलं किंवा आधी ईएसबीएल (बरीच अँटिबायोटिक्स तोडणारं जंतूचं एन्झाइम) निघालं होतं, तर मात्र मेरोपेनेम, १ ग्रॅम दर आठ तासांनी. व्हँकोमायसिन सवयीनं जोडू नकोस. लाइनभोवती लाली, त्वचेचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा शॉक असेल तरच.

झोप उडवते ती क्लेबसिएला, आतड्यात राहणारी जंतूची जात. तिच्यात एनडीएम (मेरोपेनेमही तोडणारं एन्झाइम) असेल तर मेरोपेनेम वाया जातं, सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमही एकटं पुरत नाही. सोबत अ‍ॅझट्रिओनाम लागतं, तेही एकाच वेळी: एनडीएमला ते तोडता येत नाही, आणि ते तोडणारे बाकीचे एन्झाइम अ‍ॅव्हिबॅक्टम रोखून धरतं. म्हणून असा जंतू आतड्यात आहे का ते सांगणारा रेक्टल स्वॅबचा (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्याचा) जुना रिपोर्ट आधी बघ. इथून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या फाईलला तो पहिल्याच पानावर टाचायला सांगितलाय.

थोरलीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. पेशंट निघाला की दिलेलं औषध आणि वेळ मला कळव, रात्री दोनलासुद्धा.

तुझा,
शिऱ्या