फराळाच्या जाहिरातींबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासद भगिनींना नमस्कार.

फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या, आनंद आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. गेल्या आठवड्यात एका सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाची बातमी आली आणि तिच्याखाली लगेच आपल्यातल्या एकीने भाजणीच्या चकलीचे आठ फोटो टाकले. घाईत झालं, मनात काही नव्हतं. तरी त्या घरच्यांना काय वाटलं असेल! ग्रुपवर टाकण्याआधी वरचे चार मेसेज वाचा, ॲडमिनला विचारा.

न विचारता कुणाला नव्या ग्रुपमध्ये ओढू नका. कुणाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली दरपत्रक नको, फेसबुकवर सरसकट टॅग करणंही नको.

त्याऐवजी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगवेगळा जातो, ग्रुप करावा लागत नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. रोजचं काय ते स्टेटसला ठेवा, २४ तासांत आपोआप निघून जातं. कुणी 'नको' म्हटलं तर त्याच दिवशी नाव काढा. खूप जणांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो. ऐन दिवाळीत ते परवडणार नाही.

आणि भाव लिहा गं! 'किंमत इनबॉक्समध्ये' वाचून गिऱ्हाईक वैतागतं. किलोचा दर, साजूक तूप की वनस्पती, घरपोच मिळेल का, एवढं एकाच मेसेजमध्ये येऊ दे.

मजकुराबद्दल शंका असेल तर आधी मला पाठवा, मी बघून देईन.

– चिटणीस